बाई, एक विचारू? या महिन्याचा विषय : शाळेतली दमदाटी

जूनमध्ये नवी पुस्तकं, नवे बूट, नवा वर्ग. जुलैत कोण कोणाशेजारी बसणार आणि कोण कोणाला दबून राहणार हे ठरतं, आणि ऑगस्टच्या टपालात त्याची पत्रं येतात. या वेळी ती इतकी आली की अभ्यास आणि परीक्षेचे प्रश्न पुढच्या अंकात ढकलायला मीच संपादकांना सांगितलं. कोणाचं मूल, कोणती शाळा हे ओळखू येईल असा मजकूर गाळला आहे. मुख्याध्यापकांच्या खुर्चीत मी बरीच वर्षं बसले आहे, त्यामुळे त्या खुर्चीतून पालकांना काय काय ऐकवलं जातं ते मला तोंडपाठ आहे. त्याचा उपयोग तुम्हालाही होऊ दे.

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे. बोलताना अडखळतो. शाळेच्या बसमध्ये आठवीची तीन मुलं रोज त्याला गाठतात आणि म्हणतात, “नाव सांग, पूर्ण नाव सांग.” तो अडकला की सगळी बस हसते. गेल्या महिन्यापासून डबा तसाच परत येतो आणि सकाळी उठलं की पोटात दुखतं. त्याचे बाबा म्हणतात, “एक कानाखाली ठेवून दे, परत नादाला लागणार नाहीत.” शाळेत गेले तर सांगितलं, बसचं आम्ही बघत नाही, कंत्राटदाराशी बोला. काय करू? — एक आई, चिपळूण

उत्तर : ताई, आधी पोटाचं. रविवारी दुखत नाही आणि सोमवारी दुखतं म्हणून ते ढोंग आहे असं समजू नका. भीतीने खरंच पोट दुखतं. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या, म्हणजे तुमच्याही मनात शंका राहणार नाही.

आता बाबांचा सल्ला. आठवीची तीन मुलं आणि सहावीतला एक, यात कानाखाली कोण कोणाच्या ठेवणार आहे? समजा, जीव मुठीत धरून याने हात उचललाच, तर शाळेच्या दप्तरी ‘मारामारी, दोन्ही बाजूंना समज दिली’ अशी नोंद होईल आणि तुमची तक्रार तिथेच संपेल. शिवाय मुलाला असं वाटेल की घरी सांगूनही निस्तरायचं आपल्यालाच आहे. मग पुढच्या वेळी तो सांगणार नाही. बाबांना म्हणावं, तुमचा राग रास्त आहे, तो घेऊन शाळेत या.

मुलाशी बोलताना “कोण त्रास देतं? नाव सांग” असं विचारूच नका. नाव सांगायला लावणं हाच तर त्याच्या छळाचा प्रकार आहे. जुन्या कॅलेंडरचं एक पान उलटं करून त्याच्यापुढे ठेवा आणि त्याला बसचं चित्र काढायला सांगा. दार कुठे, ड्रायव्हरकाका कुठे, मावशी कुठे बसतात, तो कोणत्या स्टॉपला चढतो, चढल्यावर रिकामी सीट कुठली असते. तुम्ही शेजारी बसून मेथी निवडा, त्याच्याकडे टक लावून बघू नका. अशी चित्रं मी पुष्कळ मुलांकडून काढून घेतली आहेत. मोठी मुलं मागची सीट धरतात, मदतनीस मावशी पुढे ड्रायव्हरशेजारी बसतात, आणि शेवटच्या स्टॉपवर चढणाऱ्या लहान मुलाला जागा उरते ती नेमकी मागेच. पुढची पंधरा-वीस मिनिटं तो त्यांच्या ताब्यात. तुमच्याही चित्रात असंच काही दिसलं तर उपाय त्या चित्रातच आहे. प्रत्येकाची सीट ठरवून द्यायची, सहावीपर्यंतची मुलं पुढे बसवायची आणि मावशींची जागा मागच्या दारापाशी न्यायची. याला पैसा लागत नाही, लागते ती मुख्याध्यापकांची एक सही.

ती सही मिळवायला तोंडी सांगून भागणार नाही. ‘बसचं आम्ही बघत नाही’ हे उत्तर नियमाला धरून नाही. महाराष्ट्राच्या २०११च्या स्कूलबस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी, तिचे अध्यक्ष मुख्याध्यापकच असतात आणि पालकांचा प्रतिनिधीही तिच्यात असतो. म्हणून साध्या कागदावर अर्ज लिहा. कोणत्या तारखांना काय झालं, बसमध्ये कुठे झालं, कोण हजर होतं, मुलावर काय परिणाम झाला आणि तुम्हाला काय हवं आहे. ‘कडक कारवाई व्हावी’ हे वाक्य घालू नका, त्याचा कोणालाच अर्थ लागत नाही. ‘आसनव्यवस्था ठरवावी, मदतनिसांना मागे बसवावं, पंधरा दिवसांनी आम्हाला बोलावून स्थिती सांगावी’ असं लिहा. दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती घरी आणा. पोच दिलेला अर्ज टेबलावर पडून राहिला तर क्लार्कलाही अवघडतं, हे मी आतून पाहिलं आहे.

शाळेने काय करू नये, हेही अर्जात लिहायला लाजू नका. तिन्ही मुलांना आणि तुमच्या मुलाला समोरासमोर उभं करून “काय रे, याने असं केलं का?” विचारू नये. परिपाठाच्या वेळी सगळ्या शाळेसमोर भाषण देऊ नये, कारण पाचव्या मिनिटाला सगळ्यांना कळतं ते कोणाबद्दल आहे. त्या तिघांना एकेकटं बोलवावं. तिघं एकत्र असली की एकमेकांकडे बघून हसतात, एकटा असला की त्याला आपण काय केलं ते दिसायला लागतं. आणि बोलणं झाल्यावरचा आठवडा सांभाळायचा. “घरी सांगितलंस काय?” असं विचारायला ती मुलं पुन्हा येतात, तेव्हा मावशी मागे बसलेल्या असल्या पाहिजेत.

अडखळण्याबद्दल दोन शब्द. घरी त्याचं वाक्य तुम्ही पूर्ण करून टाकता का? बहुतेक आया करतात, मायेनेच. ते थांबवा. “सावकाश बोल” असंही म्हणू नका, नुसतं ऐका. अडखळणं त्रासामुळे सुरू होत नाही, पण त्रासामुळे वाढतं. जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या शहरात वाचा-उपचार करणारे तज्ज्ञ असतात, त्यांच्याकडे एकदा न्या. तोंडी परीक्षा वर्गासमोर न घेता वेगळी घ्यावी, अशी विनंती वर्गशिक्षिकेला त्याच अर्जासोबत करा.

प्रश्न : आमच्या वेळी वर्गात प्रत्येकाला टोपणनाव होतं. लंगड्या, जाड्या, काळ्या. मास्तर पण त्याच नावाने हाक मारायचे. कोणी मेलं नाही. आताच्या मुलांना फुलासारखं जपायचं आणि वर मासिकात त्याच्यावर पानं लिहायची, हे जरा जास्त होत नाही का? — एक आजोबा, पुणे

उत्तर : आजोबा, त्या लंगड्याचं पूर्ण नाव आठवतं का तुम्हाला? आणि तो कितवीपर्यंत शाळेत होता? जुन्या हजेरीपटांमध्ये काही नावांपुढे ‘सतत गैरहजर’ असा शेरा असतो आणि मग पुढच्या वर्षी ते नावच नसतं. ती मुलं का गेली हे कोणी विचारलं नाही, म्हणून कोणाला काही झालं नाही असं आपण म्हणतो.

मेलं नाही म्हणता, तर मरणाचीही गोष्ट सांगते. १९८२च्या अखेरीस नॉर्वेत तीन शाळकरी मुलांनी आत्महत्या केल्या, त्यामागे वर्गातल्या मुलांचा छळ असावा असं पुढे आलं. तिथल्या सरकारने पुढच्याच वर्षी देशभर मोहीम काढली आणि डान ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञाने शाळाशाळांत जाऊन मुलांना विचारायला सुरुवात केली. मस्करी कुठे संपते याची त्यांनी घातलेली फूटपट्टी अजून वापरतात : मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा केलेलं, आणि ज्याला उलट करता येत नाही त्याला केलेलं. तुमच्या वर्गात ज्यांना एकमेकांना नावं ठेवता येत होती, त्यांची ती मस्करीच. लंगड्याला उलट काय म्हणता येत होतं? युनेस्कोने २०१९मध्ये जगभरच्या पाहण्या एकत्र करून सांगितलं की जवळजवळ दर तीन मुलांमागे एकाला आदल्या महिन्यात शाळेत असा त्रास झालेला असतो. मुलं नाजूक झाली की नाही मला माहीत नाही, विचारण्याची पद्धत मात्र सुरू झाली, हे खरं.

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. वर्गातल्या एका मुलीचा डबा खाताना तोंड उघडं असलेला फोटो हिने आणि मैत्रिणींनी काढला, त्याचं स्टिकर केलं आणि ते साठेक मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलं. ती मुलगी आठवडाभर शाळेत आलेली नाही. बाईंचा फोन आला तेव्हा मला कळलं. माझी मुलगी म्हणते, “मस्करी केली, सगळे हसले.” मी तिला मारलं, फोन काढून घेतला. आता तिला त्यांच्या घरी नेऊन पाया पडायला लावू का? झोप उडाली आहे. — एक आई, ठाणे

उत्तर : हे पत्र तुम्ही लिहिलंत याचं मोल मला आहे. त्रास सोसणाऱ्या मुलांच्या आयांची पत्रं ढीगभर येतात, देणाऱ्यांची क्वचित. वर्गात तर त्या दोन्ही आयांची मुलं बसलेली असतात.

पाया पडायला नेऊ नका. ती मुलगी घराबाहेर पडत नाही ती तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून, आणि तुम्ही तिच्याच दिवाणखान्यात, तिच्या आई-बाबांसमोर तिला आणखी एका तमाशाला बसवणार. तिला नाइलाजाने “इट्स ओके” म्हणावं लागणार, आणि तुमची मुलगी समजणार की प्रकरण मिटलं. आधी तिच्या आईला तुम्ही फोन करा. सफाई देऊ नका, “माझ्या मुलीने हे केलं, आम्ही निस्तरतोय” एवढंच. तिला भेटायचंय का, पत्र चालेल का, की काहीच नको, हे त्यांना ठरवू द्या. काहीच नको म्हणाल्या तर तेही मान्य करा.

निस्तरायचं कसं, ते सांगते, कारण मार खाऊन तुमच्या मुलीच्या वाट्याला काहीच काम आलेलं नाही. रडली, मोकळी झाली. काढून घेतलेला फोन तिच्या हातात द्या, तुम्ही शेजारी बसा. स्टिकर कोणी बनवलं, कोणाकोणाला गेलं, कोणी पुढे पाठवलं, याची यादी तिने स्वतःच्या हाताने वहीत लिहायची. मग एकेकाला स्वतंत्र निरोप : “ते स्टिकर मी पाठवलं होतं. चुकीचं होतं. डिलीट कर आणि पुढे पाठवू नकोस.” ग्रुपवर हात जोडलेली इमोजी टाकून सुटका नाही. साठ निरोप लिहायला वेळ लागेल, बोटं दुखतील, मध्येच कोणी तरी “एवढं काय त्यात” असं उत्तर पाठवेल आणि तिला त्याला पुन्हा सांगावं लागेल. ते सगळं होऊ द्या. एक मात्र सांभाळा. हे सुरू करायच्या आधी बाईंना कळवा, कारण त्या मुलीच्या घरच्यांना पुरावा म्हणून काही ठेवायचं असेल.

पालकांच्या ग्रुपवर “बघा काय चाललंय” म्हणून ते स्टिकर तुम्ही टाकू नका, दुसऱ्या कोणी टाकलं तर काढायला सांगा. मोठी माणसंच फिरवत राहतात, असा माझा अनुभव आहे. इथे फोटो डबा खातानाचा आहे. कपड्यांशी किंवा शरीराशी संबंधित असता, किंवा चेहरा दुसऱ्या कशावर चिकटवलेला असता, तर मामला पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यात गेला असता आणि नुसता पुढे पाठवणाराही अडकला असता. अशा वेळी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते, मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ ही चोवीस तास चालू असते.

आता तुमच्या मुलीकडे बघा. “सगळे हसले” हे तिचं वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. कोणाला हसवायचं होतं तिला? त्या टोळीत टिकून राहायला दर आठवड्याला कोणी तरी नवं गिऱ्हाईक आणावं लागत असेल, आणि आज हिने आणलं नसतं तर हिचाच फोटो फिरला असता, असं पुष्कळदा असतं. तसं निघालं तर तिची चूक कमी होत नाही, पण तिला त्या टोळीतून बाहेर यायला तुमची मदत लागेल. फोन कायमचा काढून घेऊन ती मिळणार नाही. शेजारणीच्या फोनवरून ती तेच करेल आणि पुढच्या वेळी तुम्हाला बाईंचा फोनही येणार नाही.

प्रश्न : मी एका निवासी शाळेत अधीक्षक आहे. नववी-दहावीची मुलं पाचवी-सहावीच्या पोरांकडून आंघोळीचं पाणी भरून घेतात, कपडे धुऊन घेतात, रात्री ‘हजेरी’ घेतात. विचारलं तर म्हणतात, “आम्ही पण केलंय सर, आमच्या वेळी.” एका लहान मुलाच्या पाठीवर वळ दिसले. पोलिसांत गेलो तर मुलांचं आयुष्य खराब होईल, नाही गेलो तर? — नंदुरबार जिल्हा

उत्तर : सर, वळ दिसले तिथे तुमचा ‘जाऊ की नको’ हा प्रश्न संपला. मुलाला आजच्या आज डॉक्टरांकडे न्या, कागद घ्या, मुख्याध्यापकांना लेखी कळवा, घरी निरोप पाठवा. महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंधक कायदा १९९९चा आहे आणि तो फक्त कॉलेजांसाठी आहे, हा सार्वत्रिक गैरसमज. त्यात वसतिगृहं येतात, संस्थाप्रमुखांच्या व्याख्येत मुख्याध्यापकही येतात, आणि ‘जे मूल एरवी स्वखुशीने करणार नाही ते करायला लावणं’ हेही रॅगिंगच्या व्याख्येत आहे. पाणी भरून घेणं त्यात सरळ बसतं. तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करायची, तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. प्रमुखाने हे टाळलं तर त्यानेच गुन्ह्याला मदत केली असं धरलं जातं. शिक्षा दोन वर्षांपर्यंतची कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे.

आयुष्य खराब होण्याची तुमची काळजी मला समजते. अठरा वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, प्रौढांच्या कोर्टात उभं राहत नाही, आणि अतिगंभीर गुन्हा नसेल तर सहसा एफआयआरही होत नाही. ते मंडळ समुपदेशनाचाही आदेश देतं. ती दारं बंद नाहीत, हे मोठ्या मुलांच्या पालकांनाही समजावून सांगा.

आता रोजचं. तुमच्याकडे पहाटे आंघोळीला नळ किती आणि मुलं किती? नळ कमी, वेळ कमी, आणि गरम पाण्याची बादली एकच असली की मोठा लहानाला रांगेत उभा करणारच. इयत्तेप्रमाणे वेळा पाडा, लहानांना आधी सोडा, आणि त्या अर्ध्या तासाला तुम्ही स्वतः किंवा चौकीदार नळावर उभे राहा. जेवणातही पाचवी-सहावीची पंगत आधी बसवा. लहान मुलांच्या खोलीत किंवा तिच्या दाराशी रात्री एक मोठं माणूस झोपलं पाहिजे. ही ‘हजेरी’ दिवे गेल्यावर होते ना? मग दिवे गेल्यावर कोण कुठे असतं, ते तुम्हाला ठाऊक हवं.

तक्रारपेटी असेलच तुमच्याकडे. कुठे टांगली आहे? बहुतेक शाळांत ती ऑफिसच्या दाराबाहेर, शिपाईमामांच्या स्टुलाशेजारी असते. चिठ्ठी टाकणाऱ्याला अख्खं आवार बघतं, त्यामुळे तिच्यात गोळ्यांचे कागद निघतात. ती संडास-बाथरूमकडे जाणाऱ्या बोळात लावा, जिथे एकटं जाणं संशयास्पद दिसत नाही. किल्ली तुमच्याकडे एकट्याकडे नको, गावातल्या शाळा व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या आईसमोर दर आठवड्याला उघडा. आणि “आमच्या वेळी आम्ही पण केलंय” म्हणणाऱ्या मुलांना बसवून एकदा विचारा, तेव्हा रात्री कसं वाटायचं. त्यांच्यातले काही जण ऐकतील. त्यांनाच लहानांच्या खोलीचा अभ्यास घेण्याचं काम द्या, नजर मात्र ठेवा. मोठेपणाची भूक आहे त्यांना, ती दुसरीकडे भागली पाहिजे.

प्रश्न : मी नववीत आहे. आमच्या वर्गात एक नवीन मुलगा आलाय, बीडकडचा. त्याचे आई-वडील ऊसतोडीला जातात, तो इथे मामाकडे राहतो. त्याला सगळे ‘ए कोयता’ म्हणतात. तो ‘का’ला ‘कामून’ म्हणतो, तर तो काही बोलला की सगळे कामून कामून ओरडतात. मी पण हसतो. हसलो नाही तर मला पण काढतील. सरांना सांगितलं तर चुगलखोर म्हणतील. मी काय करू? नाव लिहीत नाही. — सांगली जिल्हा

उत्तर : अरे, नाव नको लिहूस. तुला जे खुपतंय ते वर्गातल्या निदान सात-आठ जणांना खुपत असणार, हे आधी सांगते. प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच आहोत, बाकी सगळे मजेत हसताहेत. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठातल्या ख्रिस्तीना सालमिवाल्ली यांनी याचाच अभ्यास केला. त्रास देणारा एक, पण त्याच्या बाजूला हात लावणारे, हसून जोर देणारे, नुसते बघणारे आणि क्वचित मध्ये पडणारे, असे कितीतरी जण असतात. तिकडच्या शाळांत २००९पासून जो कार्यक्रम चालतो, तो मुख्यतः या बघणाऱ्यांसाठी आहे. हशा थांबला की ओरडणाऱ्याची मजा जाते.

मी तुला उभा राहून भाषण कर असं सांगणार नाही. ते सिनेमात बरं. आधी हसू नकोस, एवढंच. वही उघड, दप्तरात डोकं घाल, पाणी प्यायला जा. दुसरं जरा धीराचं : पुढच्या वेळी तो ‘कामून’ म्हणाला की त्याच्या प्रश्नाचं उत्तर दे. तो काही तरी विचारत असतो ना? गृहपाठ कामून दिला, तास कामून बदलला. सगळे ओरडत असताना तू त्याच्याकडे बघून सांग, “अरे, सर रजेवर आहेत म्हणून.” एवढ्याने तुला कोणी काढणार नाही. मधल्या सुट्टीत त्याला म्हण, चल, नळावर जाऊ. बाकावर एकटा बसलेल्या मुलाला गाठणं सोपं असतं, दोघं निघाले की नेम चुकतो.

सांगायचंच असेल तर सगळ्यांत आवडते सर निवडू नकोस, तोंड मिटून ठेवणारे निवड. “अमक्याने मला सांगितलं” असं वर्गात येऊन जाहीर करणारे शिक्षकही असतात, ते तुला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असतील. शाळा सुटल्यावर स्टाफरूमबाहेर एकटा भेट. कोण ओरडतं त्याआधी कधी ओरडतात ते सांग : कोणता तास, सर यायच्या आधीची पाच मिनिटं, की मधली सुट्टी. समजूतदार शिक्षक त्या पाच मिनिटांत वर्गाच्या दारात येऊन उभे राहतात आणि तुझं नाव कुठेच येत नाही.

आणि त्या मुलाने स्वतःला काही करून घेण्याबद्दल बोललेलं, लिहिलेलं तुझ्या कानावर आलं, तर वाट बघायची नाही. त्याच दिवशी मोठ्या माणसाला सांगायचं, चुगलखोर म्हणोत नाही तर आणखी काही. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फुकट नंबर आहे, मराठीतही बोलतात, तूही लावू शकतोस.

प्रश्न : आमच्या मुलीला तिचे वर्गशिक्षकच ‘म्हैस’ म्हणतात, मग मुलंही म्हणतात. शाळा खासगी, विनाअनुदानित. तक्रार केली तर सर म्हणाले, “अहो, प्रेमाने म्हणतो.” — एक वडील, नाशिक

उत्तर : मुलं मास्तरांकडून शिकतात, त्यामुळे इथे मुलांशी बोलून वेळ घालवू नका. शिक्षणहक्क कायदा २००९, कलम १७ : कोणत्याही मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देता येत नाही, आणि जो देईल त्याच्यावर सेवाशर्तींनुसार शिस्तभंगाची कारवाई होते. विनाअनुदानित शाळेलाही हे लागू आहे. ‘प्रेमाने’ असा अपवाद कलमात नाही.

अर्ज सरांना न देता मुख्याध्यापकांना आणि संस्थेच्या सचिवांना द्या, कलमाचा क्रमांक लिहून. शाळा सीबीएसईची असेल तर मंडळाने २०१५मध्येच अशा त्रासाविरुद्ध समिती नेमायला सांगितलं आहे, समितीवर कोण कोण आहे ते विचारा, बहुधा तिथेच चुळबूळ सुरू होईल. पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या सभेत विषय घ्या. पंधरा दिवसांत हालचाल नाही झाली तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रत पाठवा, तिथेही नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. मुलीची तुकडी बदलून घ्या असा पर्याय शाळा पुढे करील. तो मुलीला हवा असेल तर घ्या. तिला तिच्या मैत्रिणींसोबत त्याच वर्गात राहायचं असेल, तर वर्ग सरांनी बदलावा, असं अर्जात स्पष्ट लिहा.